मीटिंगचं चित्र काढून घेताना

कंपनीची वार्षिक मीटिंग जवळ येते, लोणावळ्याचं रिसॉर्ट बुक होतं, पोहे की मिसळ हा वाद एचआर दोन्ही ठेवून मिटवतं, आणि तरीही बजेटात थोडी रक्कम उरलेली दिसते. ३१ मार्चच्या आत ती संपली नाही तर पुढच्या वर्षी कापली जाणार. अशा वेळी ग्राफिक रेकॉर्डर बोलवावा. वक्ते बोलत असताना हा माणूस बाजूला मोठ्या बोर्डासमोर उभा राहून त्यांचं बोलणं शब्दांत आणि चित्रांत उतरवत जातो. संध्याकाळपर्यंत अख्खी मीटिंग आठ फुटांत मावते. सोयीसाठी इथे रेकॉर्डर ही बाई आहे असं धरलं आहे. सूचना पुरुषांनाही लागू.

धंदा तसा जुना. १९७० च्या दशकात सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपास काही मंडळींनी भिंतीला कागद लावून सभा चालवायला सुरुवात केली. त्यांतल्या डेव्हिड सिबेट यांनी १९७७ मध्ये त्याची रीतसर कंपनीच काढली. मूळ कल्पना अशी, की सगळ्यांच्या डोळ्यांसमोर एकच कागद असला, आणि आपला मुद्दा त्यावर आलेला दिसला, की तोच मुद्दा चौथ्यांदा मांडायला माणसाला संकोच वाटेल. तिकडे वाटत असेल. आपल्याकडे आपला मुद्दा कागदावर चढलेला दिसला की माणसाला हुरूप येतो.

निवड करताना पहिली चूक होते ती लग्नात पाहुण्यांची कॅरिकेचर काढणाऱ्याला बोलावण्याची. तो मोठं नाक झकास काढतो, पण ‘मागणी घटली, म्हणून किमती उतरवू नका, डीलर कमी करा’ या वाक्याला नाक नसतं. दुसरी चूक साहेबांच्या पुतण्याची. त्याचा हात खरोखरच चांगला असतो, सोसायटीच्या गणपतीचं डेकोरेशन दरवर्षी तोच करतो. पण इथे हात दुय्यम. उमेदवाराला दहा मिनिटांचं एखादं रटाळ भाषण ऐकवा आणि नंतर विचारा, वक्ता नेमकं काय म्हणाला. तीन वाक्यांत सांगता आलं तर बाई घ्या. ‘काहीच म्हणाला नाही’ असं उत्तर आलं तर लगेच घ्या, पण साहेबांशी गाठ घालू नका.

दर ऐकल्यावर ‘दिवसभर उभंच तर राहायचंय’ असं म्हणायचा मोह होईल, तो आवरावा. त्या दिवसाआधी अजेंडा वाचणं, फोनवर विषय समजून घेणं, बोर्डावर शीर्षक आखून आणणं असतं, आणि नंतर फोटो साफ करून फाइल पाठवणंही असतं. ‘एक्स्पोजर मिळेल’ हे वाक्य तर उच्चारूच नये. सभागृहातली सगळी माणसं आपल्याच कंपनीची आहेत.

आठवडाभर आधी अजेंडा, वक्त्यांची नावं आणि कंपनीतले खास शब्द पाठवा. ‘पी-थ्री’ म्हणजे प्लांट नंबर तीन की प्रायॉरिटी, हे बाहेरच्या माणसाला कळत नाही. (आतल्यांनाही कळत नाही, पण त्यांना ते काढून दाखवायचं नसतं.) बोर्डाची भाषाही ठरवून घ्या. मराठी ठरली तर चहाच्या वेळी एक गृहस्थ येऊन ‘दृष्टी’ची वेलांटी दुरुस्त करायला सांगतील. त्यांचा मान राखा, पूर्ण बोर्ड वाचलेले ते एकटेच आहेत.

आता जागा. हॉटेलवाला सांगेल, ‘सर, वॉलला काही चिकटवता येणार नाही.’ म्हणून चार बाय आठचा फोम बोर्ड आणि त्याला भक्कम स्टँड लागतो. तो स्टेजच्या बाजूला, ऐकू येईल आणि लोकांना दिसेल असा हवा. प्रत्यक्षात तो जेवणाच्या हॉलच्या दाराशी लागतो, तिथे वक्त्यापेक्षा स्वयंपाकघरातल्या वाट्या-चमच्यांचा आवाज स्पष्ट येतो. प्रोजेक्टर सुरू झाला की दिवे मालवले जातात. तेवढा एक दिवा बोर्डावर ठेवा. अंधारात काढलेल्या चित्रात कंपनीचा आलेख कुठल्या दिशेला जाईल याची हमी रेकॉर्डर देत नाही.

काम चालू असताना दोन मिनिटं जवळ जाऊन पाहावं, पण बोलू नये. बाईंच्या हातात छिन्नीसारख्या तिरप्या टोकाचं जाड मार्कर असतं. वक्ता बोलतो त्याच्या एक-दोन वाक्यं मागे त्या असतात. ऐकायचं पुढचं आणि लिहायचं मागचं. आधी फक्त काळ्या रेघा. रंग चहाच्या सुट्टीत भरले जातात आणि राखाडी सावली सगळ्यात शेवटी, त्याने चपटी अक्षरं बोर्डावरून उठून येतात. शब्द चुकला तर पांढरा स्टिकर चिकटवून त्यावर नव्याने लिहायचं. विक्रीप्रमुखांचं भाषण संपताना बाईंच्या हातात स्टिकरचा गठ्ठा दिसला तर घाबरू नका. त्यांनी आकडा तीनदा बदललेला असतो.

रॉकेट, बल्ब, शिखरावरचा झेंडा ही चित्रं सगळ्या कंपन्यांना सारखीच मिळतात. आपल्याला वेगळं हवं असेल तर वक्त्यांना वेगळं बोलायला सांगावं लागेल. एकमेकांत गुंतलेली दातेरी चाकं दिसली तर समजा, त्या वेळी कोणीतरी ‘सिनर्जी’ म्हणालं. हस्तांदोलन दिसलं तर त्या वेळी कोणीच काही बोललं नव्हतं. पॅनेल चर्चा मात्र बाईंवर लादू नये. चार वक्ते ‘ते म्हणाले त्याला पुस्ती जोडतो’ म्हणून सुरुवात करतात आणि बोर्डावर एकाच फुग्याला चार शेपट्या फुटतात. शेवटी प्रेक्षकांतले एक काका उठून ‘प्रश्न नाही, छोटीशी सूचना’ म्हणतात. अनुभवी रेकॉर्डर त्यांच्यासाठी तळाला तीन इंच राखून ठेवते.

साहेब दुपारी येऊन ‘मला जरा मोठं काढा’ म्हणतील. मोठं काढायला हरकत नाही. डोक्यावर केस काढायचे की नाहीत, हे मात्र कामाच्या ऑर्डरमध्येच लिहून घ्या.

हल्ली आयपॅडवर काढणारेही मिळतात. चित्र थेट पडद्यावर दिसतं, आणि प्रोक्रिएट ॲपमधून चित्र तयार होतानाचा वेगवान व्हिडिओही निघतो. दिवसभराची मीटिंग चाळीस सेकंदांत! ती मुळातच तेवढ्यात घेता आली असती, अशी कुजबुज पाहणाऱ्यांत होते. तिच्याकडे दुर्लक्ष करावं. माझं मत मात्र कागदाच्या बाजूचं. स्क्रीनसमोर कोणी थांबत नाही. बोर्डासमोर कप घेऊन लोक उभे राहतात, आपलं वाक्य शोधतात, आणि ते नाही म्हटल्यावर पहिल्यांदाच दुसऱ्याचं वाचतात.

काही कंपन्या हुशार असतात. निष्कर्ष ठरलेलाच आहे, तर चित्र आधीच काढून आणा, असा निरोप त्या पाठवतात. त्यासाठी ग्राफिक रेकॉर्डर कशाला? कुडाळजवळ पिंगुळीला चित्रकथी आहेत. तयार चित्रं एकेक समोर धरून कथा सांगायची, ही त्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची परंपरा. २०२१ मध्ये तिथल्या परशुराम गंगावणे यांना पद्मश्री मिळाली. शिवाय ते कथा गाऊन सांगतात. आपल्या व्हीपींना गाता येतं का, ते आधी पाहून घ्या.

बिलाचं म्हणाल तर १८ टक्के जीएसटी असला तर तो धरा, टीडीएस कापा आणि उरलेलं वेळेत द्या. नोंदणीकृत लघुउद्योजकाचे पैसे थकवायचे तर ४५ दिवसांपलीकडे नाही, असं २००६ चा कायदा सांगतो. अकाउंट्स विभाग हे दिवस व्हेंडर कोड तयार झाल्यापासून मोजतो आणि व्हेंडर कोड त्रेचाळिसाव्या दिवशी तयार होतो.

मीटिंगनंतर बोर्डाला कॅन्टीनच्या भिंतीवर जागा द्या. ऑफिसच्या लिफ्टमध्ये तो मावणार नाही, जिन्याने चढवावा लागेल. दोन शिपाई आधीच सांगून ठेवा. पुढच्या वर्षीचा बोर्ड आला की मागचा लगेच उतरवा. दोन्ही शेजारी शेजारी लागलेच, तर रॉकेट वर्षभरात किती वर गेलं ते पट्टी लावून मोजायला कोणी उभं राहणार नाही, याची काळजी एचआरने घ्यावी.