मेस्त्रे स्लो

मुलगा म्युनिकला नोकरीला असतो. त्याच्याकडे गेलो होतो, तर आमच्या लग्नाचा तिसावा वाढदिवस म्हणून त्यानं आम्हा दोघांना शनिवार-रविवार व्हेनिसला धाडलं. बसमध्ये शेजारच्या जर्मन बाईंनी विचारलं, कुठून आलात? मी सवयीनं "मुंबई" म्हणून मोकळा झालो. हिनं खिडकीकडे तोंड फिरवलं आणि मराठीत म्हणाली, "६८ किलोमीटरवर."

व्हेनिसमधलं हॉटेल परवडेना, म्हणून चिरंजीवांनी खोली घेतली मेस्त्रेत. व्हेनिसला जाणाऱ्या पुलाच्या अलीकडचं हे गाव. कालवा नाही, कौतुक नाही, इमारतीला लागून इमारत. स्टेशनाबाहेर पाऊल पडताच हिनं निदान केलं, "अहो, हे आपलं बदलापूर आहे."

निदान चुकलं नव्हतं. १९५१ साली जुन्या व्हेनिसमध्ये पावणेदोन लाख माणसं राहायची. आज पन्नास हजारसुद्धा उरलेली नाहीत. घरं पर्यटकांच्या ताब्यात गेली आणि माणसं पूल ओलांडून मेस्त्रेत आली. आमच्या वडिलांनी गिरगावातली खोली विकून बदलापूर गाठलं, त्याला घरात आजही "मोकळी हवा" म्हणतात. इटालियनमध्ये काय म्हणतात, ते विचारायचं राहून गेलं.

सकाळी मेस्त्रेहून गाडी पकडली. दहा-बारा मिनिटांचा प्रवास. हिनं रिकाम्या बाकावर पिशवी टाकून जागा धरली. अख्खा डबा रिकामा होता, पण धरली. दोघांच्या सीटवर मी तिसऱ्यासाठी सरकून बसलो. कुणी आलंच नाही. परदेशात एकटं वाटतं म्हणतात, ते हेच असावं. पूल लागला तसा मी दारात जाऊन उभा राहिलो. तिथं आधीच तिघं-चौघं उभे होते, हॉटेलात वाढायला आणि खोल्या झाडायला निघालेले. त्यांनी मला जागा करून दिली. ओळख पटली असणार.

कालव्याशी पोचल्यावर हिनं आधी वास घेतला. व्हेनिसमधलं बरंचसं सांडपाणी कालव्यात जातं आणि भरती-ओहोटी ते धुऊन नेते, असं मी वाचलं होतं, ते सांगितलं. "म्हणजे वालधुनीच की! पण एकच रंग?" अंबरनाथच्या डोंगरात उगम पावून उल्हासनगरमार्गे कल्याणच्या खाडीला मिळणाऱ्या आमच्या वालधुनीनं जीन्स धुण्याचे कारखाने जोरात असताना कुठला रंग दाखवायचा ठेवला? २०१४ साली तर तिच्यात रसायनं ओतली गेली आणि काठच्या शेकडो लोकांना श्वास लागून इस्पितळात जावं लागलं. व्हेनिसची कचऱ्याची होडी दिवसाढवळ्या येते. आमचा रसायनांचा टँकर लाजाळू, अंधार पडल्याशिवाय येत नाही.

सेंट मार्कच्या चर्चपुढच्या रांगेत माझा स्वाभिमान जागा झाला. आत्ताची ही वास्तू १०६३ साली बांधायला घेतली. वालधुनीकाठच्या अंबरनाथच्या शिवमंदिरातला शिलालेख १०६० चा. तीन वर्षांनी आम्ही थोरले. पुढच्या अमेरिकन गृहस्थांना हे ऐकवलं, तर ते म्हणाले, तिथंही कालव्याकाठी लोक फोटो काढतात का? म्हटलं, हात मोकळा नसतो. नाक धरलेलं असतं.

चर्चपुढच्या याच चौकात १२ नोव्हेंबर २०१९ च्या रात्री पाणी शिरलं. भरती १८७ सेंटिमीटरची. सगळं जग हळहळलं. त्याच वर्षी २७ जुलैला उल्हास नदीनं बदलापूर-वांगणीच्या मधे महालक्ष्मी एक्स्प्रेस अडवली होती आणि हजारावर प्रवासी होड्यांतून बाहेर काढावे लागले होते. गोंडोलाचा दर ऐकताच हिला नेमकं तेच आठवलं. अर्ध्या तासाचे ९० युरो. "आठ-नऊ हजार? महालक्ष्मीवाल्यांना फुकट नेलं, वर खाऊ-पिऊ घातलं!" गोंडोला पुढं गेला. आम्ही पुलावर उभं राहून दुसऱ्यांना बसलेलं पाहिलं.

शिवाय २०२४ पासून काही ठरावीक दिवशी, दिवसापुरतं येणाऱ्यांकडून व्हेनिस किमान पाच युरो प्रवेशशुल्क घेतं. मेस्त्रेत मुक्काम असल्यानं आम्ही सुटलो. पाण्यात बुडणाऱ्या शहरात शिरायचे पैसे! आपल्याकडचा एखादा नगरसेवक अभ्यासदौऱ्यावर तर आलेला नाही ना, म्हणून मी दोनदा मागं वळून पाहिलं.

मुखवट्यांच्या दुकानात हिनं एक मुखवटा उलटून आतला शिक्का वाचला, परत ठेवला आणि म्हणाली, "उल्हासनगरला जपानी बाजारात यापेक्षा बरी नक्कल मिळते. तिथं निदान भाव तरी करू देतात." दुकानदाराला मराठी येत नव्हतं, पण समजलं.

घरी परतल्यावर सोसायटीत चौकशी झालीच. "काय मग, व्हेनिसलाच उतरला होतात ना?"

"हो, व्हेनिसलाच," मी म्हणालो.

हिनं खिडकीकडे तोंड फिरवलं.