वेताळ पोस्टाने येतो

डेंकालीच्या घनदाट जंगलात, कवटीच्या आकाराच्या गुहेत राहणाऱ्या कॉमिक्समधल्या वेताळाला पोस्टाची सोय होती, हे फार थोड्यांच्या लक्षात असतं. ‘वॉकर, पोस्ट बॉक्स नंबर ७’ एवढा पत्ता घातला की पत्र शहरातल्या टपाल कचेरीत पडायचं आणि तिथून हस्ते-परहस्ते गुहेपर्यंत जायचं. नाल्याला पूर आहे, झाड पडून रस्ता अडला आहे, गाडी आल्लापल्लीलाच थांबली आहे, असल्या सबबी तिथे कोणी सांगितल्याचं मला आठवत नाही. ली फॉक हा गृहस्थ १९३६ पासून हे जंगल अमेरिकेत बसून लिहीत होता, त्यामुळे त्याला हे जमलं. मी एटापल्लीत राहतो. इथे जंगल खरं आहे आणि म्हणून पार्सल बांधायला शिकावं लागतं.

कॉमिक्स जमवण्याचा छंद जुना आहे. मार्च १९६४ मध्ये ‘टाइम्स’वाल्या बेनेट कोलमन कंपनीने इंद्रजाल कॉमिक्स सुरू केली आणि १९९० मध्ये बंद केली. मधल्या काळात वेताळ, जादूगार मॅन्ड्रेक, फ्लॅश गॉर्डन आणि १९७६ पासून आबिद सुरतींचा बहादूर या मंडळींनी मराठी पोरांचा बराच अभ्यास बुडवला. हे अंक जपून ठेवायला छापलेलेच नव्हते. गुंडाळी करून मागच्या खिशात खुपसायचे, भूगोलाच्या पुस्तकात लपवायचे, एसटी स्टँडवर अर्धा वाचून मित्राला द्यायचे आणि त्याने ते परत करायचे नाहीत, असा त्यांचा रीतसर जीवनक्रम होता. ज्या अंकाचं मुखपृष्ठ शाबूत आहे तो अंक कोणी वाचलेलाच नाही, असं खुशाल समजावं. आणि आज भाव त्यालाच आहे. चाळीस वर्षांपूर्वी ज्या मुलाने कॉमिक्स न वाचता कपाटात ठेवलं, त्या नीरस मुलाला नियतीने शेवटी न्याय दिला म्हणायचा.

आमच्या घरात या छंदाला मान नाही. ‘अहो, खिडकीबाहेर अख्खं जंगल पडलंय, ते सोडून कागदावरचं काय बघत बसता?’ असं सौभाग्यवती दर उन्हाळ्यात एकदा तरी विचारते. बाहेरच्या जंगलात रानडुक्कर दिसतं, वेताळ दिसत नाही, हे माझं उत्तरही ठरलेलं आहे.

पण बाहेरच्या जंगलाला माझ्या कागदांत रस आहे. पहिली येते उधई. तिला वेताळ आणि शाळेचं हजेरीपत्रक सारखंच रुचतं. मग कसर, मग पावसाळ्याची ओल. उरलेलं काम कागद स्वतःच करतो. स्वस्त कागदात लाकडाचा लगदा जसाच्या तसा असतो, त्यातलं लिग्निन हवा-उजेड लागला की पिवळं पडतं आणि कागद पापडासारखा मोडायला लागतो. आमच्या भागातला बांबू वर्षानुवर्षं बल्लारपूरच्या पेपर मिलमध्ये जात आला. त्यातला काही कागद होऊन पुस्तकांच्या रूपाने इकडे परततही असेल. जंगल त्याला ओळखतं आणि हळूहळू परत घेतं. तक्रार कोणाकडे करायची?

संग्राहकांचं जग मात्र मोठं गमतीचं. आम्ही एकमेकांना कधी भेटलेलो नसतो, पण एकमेकांकडे कुठला अंक जादा आहे ते पाठ असतं. माझ्याकडे मॅन्ड्रेकचा एक अंक जादा आहे, पुण्याच्या एका गृहस्थांकडे वेताळाचा. सोयरीक जुळते. प्रश्न एवढाच की वरात पोस्टाने यायची असते. एका विक्रेत्याने मला पाठवलेला अंक बांगड्यांच्या पुंगळीत घालून आला होता. कॅलेंडर पाठवतात तसा. मी तो पाटावर ठेवला, वर शब्दकोश ठेवला, शब्दकोशावर जातं ठेवलं. आठवड्याने जातं उतरवलं. वेताळाने एक आळस दिला आणि पुन्हा नळी होऊन पडला. त्या दिवसापासून मी बांधणीशास्त्राकडे गांभीर्याने वळलो.

शास्त्र असं आहे. अंक आधी पॉलिप्रॉपिलीनच्या पारदर्शक पिशवीत घालायचा. ही पिशवी कडक, चकचकीत असते आणि चुरगळली की कुरकुर करते. मऊ, वास येणारं पीव्हीसी नको, ते कालांतराने घाम सोडल्यासारखं चिकट होतं आणि छपाईला धरतं. पिशवीत अंकाच्या पाठीला आम्लरहित पांढरा पुठ्ठा. मग दोन्ही बाजूंनी खोक्याच्या पुठ्ठ्याचे तुकडे, अंकापेक्षा चारी बाजूंनी दोन बोटं मोठे. पार्सल पडतं ते नेहमी कोपऱ्यावर, तेव्हा मार पुठ्ठ्याच्या कोपऱ्याला बसावा आणि आतला कोपरा सुटावा. आता खरी गोम. खोक्याच्या पुठ्ठ्यात आतून नळ्या असतात आणि त्या एकाच दिशेने धावतात. त्या दिशेला पुठ्ठा सहज दुमडतो, आडव्या दिशेला दुमडत नाही. म्हणून एका तुकड्याच्या नळ्या उभ्या आणि दुसऱ्याच्या आडव्या ठेवायच्या. मग ती जोडी कुठूनच वाकत नाही. नवरा-बायकोंचे स्वभाव असेच बसवलेले असतात, असं सौभाग्यवतीचं मत पडलं. कोणाच्या नळ्या आडव्या, हे मी विचारलं नाही.

या सगळ्याला पुरेसा पुठ्ठा एटापल्लीत मिळवणं हा वेगळा उद्योग. किराणा दुकानदार मला पाहिला की बिस्किटांचे खर्ड्याचे डबे आत सरकवतो. ‘गुरुजी, कायले लागते जी एवढा खर्डा?’ असं त्याने एकदा विचारलं. ‘कॉमिक्स पाठवायचंय,’ म्हटलं. त्याने काही क्षण विचार केला आणि मोठ्या आवाजात गिऱ्हाइकाला सांगितलं, ‘गुरुजीच्या पोराचं हाय.’ माझी अब्रू त्याने परस्पर वाचवली.

ओलीचा धडा मात्र मला ज्याने दिला, त्याने आयुष्यात इंद्रजाल पाहिलेलं नाही. शेजारचा हा माणूस दर उन्हाळ्यात तेंदूपान संकलनाच्या फळीवर पुडे मोजायला असतो. आपल्याकडे सत्तर पानांचा एक पुडा. ते पुडे उन्हात मांडतात, उलटतात, पुन्हा मांडतात, पार वाळल्यावरच पोत्यात भरतात. श्रावणात मी ओसरीवर बसून एक अंक प्लास्टिकमध्ये हवाबंद करत होतो. तो बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, ‘वाळला का जी थो? ओला असन त थैलीत नोका भरू. काळा पडते.’

हे वाक्य मी कुठल्याही संग्राहकाच्या मार्गदर्शनात वाचलं नव्हतं. पावसाळ्यात कागद हवेतली ओल पितो, आणि आपण वर प्लास्टिक गुंडाळलं की ती ओल अंकासकट कोंडली जाते. बाहेरचा पाऊस अडवायच्या नादात आपण आतला पाऊस पाठवतो. तेव्हापासून जून ते सप्टेंबर माझ्याकडून कोणाला काही मिळत नाही. अगदीच तगादा असला तर बुटांच्या खोक्यातली ओल शोषणारी पुडी आत टाकतो आणि चार दिवस अंक डब्यात ठेवून मगच बांधतो. पुण्याचे गृहस्थ याला टाळाटाळ म्हणतात. त्यांनी एकदा ऑगस्टमध्ये बांडिया नदीच्या काठावर येऊन उभं राहावं.

पार्सल तयार झालं की पोस्टाची खिडकी. इथे थोडं टपालशास्त्रही आलं. १५ ऑगस्ट १९७२ पासून सुरू झालेला पिनकोड ही श्रीराम भिकाजी वेलणकर या आपल्या मराठी माणसाची देणगी. हे गृहस्थ संस्कृत कवीही होते, त्यामुळे सहा अंकांत अख्खा देश बसवणं त्यांना जड गेलं नसावं. आमचा ४४२७०४. पहिल्या चाराने आपण पश्चिमेच्या पट्ट्यात येतो आणि शेवटच्या तीन आकड्यांत एटापल्ली येते. एकेकाळचं रजिस्टर पोस्ट २०२५ मध्ये स्पीड पोस्टात विलीन झालं. ‘रजिस्टर करून पाठव’ या चार पिढ्यांच्या वाक्याला आता पूर्वीचा अर्थ उरला नाही. पुस्तकांसाठी मात्र १ मे २०२५ पासून ‘ज्ञान पोस्ट’ आहे. तीनशे ग्रॅमपर्यंत वीस रुपये, पाच किलोला शंभर, वर कर. दर वाचून मला भरून आलं. मग नियम वाचले. पुस्तकावर मुद्रक किंवा प्रकाशकाचं नाव हवं, ते आहे. नियतकालिक नको.

खिडकीतल्या साहेबांनी अगदी अदबीने विचारलं, ‘गुरुजी, हे पुस्तक आहे का मासिक आहे जी?’

आता काय सांगणार? इंद्रजाल आधी मासिक होतं, मग पाक्षिक झालं, पुढे साप्ताहिक झालं. पण १९९० नंतर एकही अंक निघालेला नाही. पस्तीस वर्षं जे प्रसिद्ध होत नाही, ते नियतकालिक कसं? मृत माणसाला गावचा रहिवासी म्हणायचं का? मी हा मुद्दा पुढे मांडला. मागच्या रांगेतही तट पडले. एका आजोबांच्या मते गोष्ट असली की पुस्तक. मनिऑर्डरला आलेल्या पोराच्या मते चित्रं असली की पुस्तक नाही. साहेबांनी सगळ्यांचं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘आणि यात ज्ञान काय आहे?’

‘सज्जनाने मुखवटा घातला तरी चालतो,’ मी म्हणालो.

पार्सल स्पीड पोस्टाने गेलं. साहेबांचं बरोबर होतं, असं माझं आजही मत आहे.

ते एटापल्लीतून आल्लापल्ली, तिथून चंद्रपूरकडे, पुढे नागपूर असं गेलं असणार. सुरजागडच्या लोहखनिजाचे ट्रक धावतात त्या रस्त्यावरची लाल धूळ कशातही शिरते, म्हणून मी पार्सलाच्या प्रत्येक फटीवर पट्टी मारली होती. रस्त्याने त्याला काही झालं नाही, पोस्टाने काही केलं नाही, पाऊस नव्हता. पार्सलाचा खरा शत्रू मुक्कामी बसलेला असतो. घेणारा. तो महिनाभर वाट बघून उतावीळ झालेला असतो, त्याच्या हातात भाजीची सुरी असते, आणि प्रेमापोटी तो ती सरळ आत घालतो. नागपूरच्या भाच्याने माझ्या एका बहादूरच्या नाकापर्यंत असा मार्ग काढला. चंबळच्या डाकूंना जे जमलं नाही ते त्याने केलं आणि वर ‘मामा, पोचलं बरं का’ म्हणून कळवलं.

पुण्याचे गृहस्थ याच्या अगदी उलट. त्यांनी फोन केला, ‘काय बांधलंय हो तुम्ही! फोडवतच नाही.’ आणि त्यांनी खरंच फोडलं नाही. कपाटात ठेवलं आहे. पाहुण्यांना दाखवतात. आत वेताळ आहे याला मी एकटा साक्षीदार, आणि मीही आता शपथेवर सांगेन का, याची खात्री नाही.

हे वेड आपलंच नाही, हा दिलासा. अमेरिकेत कॉमिक्सला दहापैकी गुण देऊन कडक प्लास्टिकच्या वडीत कायमचं बंद करणाऱ्या कंपन्या आहेत. २०२४ मध्ये सुपरमॅनची पहिली गोष्ट असलेला १९३८ चा अंक साठ लाख डॉलरला गेला. त्याला साडेआठ गुण होते. वडी फोडली तर गुण जातात, म्हणजे साठ लाख डॉलर मोजून माणसाने मुखपृष्ठच बघायचं. आमच्या वर्गातल्या पोरांनी ते तास बुडवून, फुकटात, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलं असतं.

तेव्हा ज्यांच्या माळ्यावर मराठी इंद्रजालचे जुने अंक पडून असतील, त्यांना विनंती. रद्दीत घालू नका, कोणा वाचणाऱ्याला पाठवा. मुखपृष्ठ नसलं तरी चालेल, शेवटचं पान मात्र असावं. ऊन असताना बांधा, नळ्या उभ्या-आडव्या ठेवा. आणि चिकटपट्टी मारताना तिचं टोक नखभर आत दुमडून ठेवा, म्हणजे घेणाऱ्याला धरून ओढता येईल आणि सुरी स्वयंपाकघरात राहील.