भुताला तीट

नागपुरात शरद ऋतू येतो, पण आपण आलो हे तो कुणाला कळू देत नाही. पावसाचा दरबार उठलेला असतो, थंडीची पालखी अजून सातपुड्यापलीकडेच रेंगाळत असते, आणि मधल्या बेवारस दिवसांत ऊन एखाद्या निवृत्त न्यायाधीशासारखं वागतं: अधिकार गेलेला, आवाज मात्र तोच. नंदनवनातल्या आमच्या गल्लीत या दिवसांची खूण म्हणजे कूलर. खिडक्यांतून उतरवलेले, ताट्या काढून घेतलेले कूलर अंगणाच्या कडेला उघड्या बरगड्यांनी उभे असतात. कडुनिंब हिरवागार, पिंपळ हिरवागार. एकाही पानाची गळून पडायची तयारी नसते. अशा या हिरव्या, घामट ऑक्टोबरात माझी पुतणी जेवणाच्या टेबलावर पानगळ करत बसली होती.

शाळेने मुलांना शरदाची भेटकार्डं करायला सांगितली होती आणि इमारतीतल्या पोरांनी ३१ तारखेला हॅलोविन ठरवला होता. दोन्हींना लागणारा सरंजाम एकच: जाड कार्डशीट, बर्डीवरून आणलेली केशरी, विटकरी, जांभळ्या आणि काळ्या शाईची पॅडं, स्पंजचे तुकडे आणि एक स्टेन्सिल. त्या स्टेन्सिलमध्ये मेपलचं पान होतं. मेपलचं झाड आमच्या घरात कुणी पाहिलेलं नाही. १९६५ सालापासून ते पान कॅनडाच्या झेंड्यावर आहे, एवढीच काय ती ओळख. माणसाला त्याच्या पासपोर्टावरच्या फोटोतूनच ओळखावं तशी.

तिकडची झाडं दिवस आखूड झाले, गारठा वाढला की पानांतला हिरवा रंग आवरून घेतात, आणि उन्हाळाभर त्याच्याआड दडलेला पिवळा-केशरी मग उजेडात येतो. आमची झाडं थंडीला भीत नाहीत, तहानेला भितात. साग, पळस, कडुनिंब पानं टाकतात ती थंडी ओसरताना आणि पुढे, जमिनीतलं पाणी आटायला लागलं की. उगाच अंगावर खर्च नको म्हणून. तिकडची पानगळ गारठ्याची वर्दी देते, इकडची पाण्याचा जमाखर्च मांडते. फार कशाला, संत्र्यांच्या या शहरात ऑक्टोबरात संत्रंसुद्धा धड केशरी नसतं. अंबिया बहाराची पहिली फळं बाजारात उतरतात ती हिरवट अंगानेच, कारण सालीवर रंग चढायला थंड रात्री लागतात. तेव्हा दसऱ्याची सुकत चाललेली झेंडूची तोरणं सोडली, तर त्या दुपारी आमच्या गल्लीत केशरी म्हणण्यासारखं जे काही होतं ते पुतणीच्या पॅडमध्ये आणि तिच्या कोपरावर होतं.

स्टेन्सिलवर शाई ओढायची नसते, थोपटायची असते. ओढली की ती कडेखाली शिरते आणि पानाला मिशा फुटतात. स्पंज जवळजवळ कोरडा करून, बाळाला निजवताना थोपटावं तसा वरून टेकवत राहिलं की धार स्वच्छ उमटते. आमच्या शाळेत कार्यानुभवाच्या तासाला हाच उद्योग उलट्या बाजूने चालायचा. खरं पान कागदावर ठेवायचं, दात घासायचा जुना ब्रश शाईत बुडवून कंगव्यावरून फिरवायचा, म्हणजे तुषार कागदावर, बाकावर आणि शेजाऱ्याच्या पांढऱ्या सदऱ्यावर समप्रमाणात बसायचे. पान उचललं की खाली त्याच्या आकाराची कोरी जागा. दसरा नुकताच झालेला असल्यामुळे ते पान बहुतेकदा आपट्याचं असायचं: दोन गोल पाळ्या, मधोमध दुमड, निसर्गाने घडी घालूनच पाठवलेलं भेटकार्ड. शाई अर्थातच कॅमलची. दिगंबर परशुराम दांडेकरांनी १९३१ साली घोडा छाप शाईच्या पुडी-टिकड्यांवर सुरू केलेला तो धंदा पुढे घोड्यावरून उतरून उंटावर बसला, आणि त्या उंटाने महाराष्ट्रातल्या कितीतरी पिढ्यांचे सदरे निळे केले.

बाजारच्या स्टेन्सिलमध्ये पान होतं, वटवाघूळ होतं. सापळा मात्र नव्हता. हॅलोविन सापळ्यावाचून कसा व्हायचा? तो घरीच कापायचं ठरलं. त्याला लवचीक, पाणी न पिणारा प्लास्टिकचा ताव लागतो, आणि असा ताव बहुतेक घरांत कपाटावरच्या मोठ्या पाकिटात पडून असतो: जुने एक्स-रे. पाट्या रंगवणारे पेंटर आपले छाप त्याच्यावर कापत आलेले आहेत. पुतणीने पाकीट उपसलं तर त्यातून माझ्या आईचा, म्हणजे तिच्या आजीचा, गुडघा निघाला. समोरून आणि बाजूने.

"आजी, हा कापू?"

"काप ना बाई. डॉक्टर म्हणे सारं झिजून गेलं आहे त्यातलं. तुझ्या काही कामाचं उरलं असंल तर घे काढून."

अशा रीतीने खऱ्या हाडांच्या चित्रातून खोट्या हाडांचं चित्र निघालं. हे पाकीट नवं होतं तेव्हा घरात त्याची केवढी धास्ती होती. त्यातली फिल्म उजेडात धरली की सगळे गप्प व्हायचे. आता तीच फिल्म खिडकीशी धरून एक मुलगी त्यात कवटी कुठे बसेल याचा अंदाज घेत होती. मला रॉंटगेनसाहेबांची आठवण झाली. त्यांना हे किरण सापडले तेही याच सुमाराला, ८ नोव्हेंबर १८९५ रोजी. आणि पुढच्याच महिन्यात त्यांनी बायकोच्या हाताचं चित्र घेतलं. बोटांची हाडं आणि हाडावर अंगठी. माणसाच्या सापळ्याने जगाला पहिलं दर्शन दिलं ते असं, संसारासकट.

छाप कापायला बसलं की भुतांच्या शरीररचनेतल्या अडचणी कळतात. डोळ्याचं भोक पाडणं सोपं. पण त्यात बुबुळ ठेवायचं म्हटलं तर ते सुटून खाली पडतं. त्याला धरून ठेवायला कुठेतरी बारीक पूल सोडावा लागतो. देवनागरीत हाच घोळ होतो. 'व' कापला की त्याचं पोट निसटतं, शिरोरेषा सलग कापली की ओळच्या ओळ लोंबायला लागते. म्हणून पोत्यांवर आणि खोक्यांवर छापलेली अक्षरं जागोजागी श्वास घेत बोलल्यासारखी दिसतात. आमच्या भुताच्या बुबुळांनाही वरून पूल सोडावे लागले, आणि त्यामुळे त्याच्या पापण्या कायमच्या अर्ध्या मिटल्या. भयानक दिसायचं म्हणून निघालेलं ते भूत रात्रपाळी करून काटोलच्या पहिल्या बसमध्ये बसलेल्या माणसासारखं दिसायला लागलं.

त्यानंतर घरात भीतीचा कारभार सुरू झाला आणि तो भलताच जबाबदारीचा निघाला. भुतं वाळेपर्यंत पंखा लावायचा नाही, असा हुकूम सुटला. आम्ही ऑक्टोबरातल्या दुपारी त्यांच्यासाठी घामाघूम बसून राहिलो. वटवाघळांचे पंख वाकू नयेत म्हणून त्यांच्यावर दाते पंचांगाचं ओझं ठेवलं, त्यामुळे ती काही काळ तरी शुभ मुहूर्तांखाली होती. भिंतीवर पाल दिसली तेव्हा पोरीने आधी सापळा उचलून आत नेला. संध्याकाळी आभाळ भरून आलं, तेव्हा दारावर लावलेली भुतं पहिल्यांदा आत आली आणि दोरीवरचे कपडे नंतर. हाताने केलेल्या भुताची भीती वाटत नाही, काळजी वाटते. भीतीला कागदाचं अंग आणि शाईचा रंग दिला की ती आपल्याच घरातलं एक नाजूक माणूस होऊन बसते. तिला वारा लागू नये, पाऊस लागू नये, कुणाचा पाय पडू नये.

नागपूरकराला हे कुणी अमेरिकेतून शिकवायची गरज नाही. नंदनवनापासून इतवारी फार लांब नाही, आणि तिथे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबती निघतात. काळी १८८१ पासूनची, पिवळी १८८५ पासूनची. बांबू-कागदाच्या त्या प्रचंड बायांबरोबर बडगेही निघतात, आणि त्या साली लोकांना जे छळत असेल त्याचं नाव बडग्याच्या गळ्यात अडकवलेलं असतं: महागाई, भ्रष्टाचार, डेंग्यू. गावाची इडापिडा 'घेऊन जा गे मारबत' अशी आरोळी उठते आणि शेवटी त्यांना जाळतात. पण जाळण्याआधी काय होतं ते पाहावं. जगनाथ बुधवारीतली पिवळी मारबत घडते तेव्हापासून तिचं कोडकौतुक सुरू होतं. बाया तिला नमस्कार करतात, लेकरं तिच्या पायांवर घालतात. जिला हाकलायचं तिच्याच पदरात मूल द्यायचं, यात कुणालाच काही वावगं वाटत नाही. तिकडे आयर्लंडात लोक पूर्वी सलगम कोरून त्याचे भेसूर चेहरे करत. अमेरिकेत गेल्यावर त्यांना भोपळा सापडला. माझी खात्री आहे, त्यांच्याही आज्या आत दिवा लावताना सलगमाला चटका तर बसत नाही ना, हे बघत असणार.

आमच्या भुताच्या बाबतीत याचा पुरावा मिळाला. चेहरा पूर्ण झाल्यावर पुतणीने तो आजीसमोर धरला. आईने चष्मा वर सरकवला, खाली सरकवला.

"किती गोड दिसून राहिलं गं. दृष्ट लागंल याला कोणाची तरी."

आणि काळ्या पॅडवर बोट टेकवून तिने भुताच्या गालावर तीट लावली. पूर्वी काळी शाई काजळ आणि डिंकापासूनच होत असे. त्याच काजळाने पोथ्या लिहिल्या गेल्या, त्याच काजळाने लेकरांच्या गालावर ठिपके पडले. तेव्हा रिवाजाला धरूनच झालं सगळं. एवढंच की ज्याच्यापासून लेकराला वाचवायचं त्यालाच या वेळी वाचवण्यात आलं होतं.

एकतीस तारखेला संध्याकाळी बेल वाजली. दारात चादरी पांघरलेली, काळी टोपी घातलेली, ओठाच्या कडेला टोमॅटो सॉसचं रक्त लावलेली पोरं उभी, मागे त्यांची आयाबापडी मोबाइल सरसावून. "ट्रिक ऑर ट्रीट!" असा एकच गलका. आई पुढे झाली, सगळ्यांना निरखून पाहिलं आणि विचारलं, "बैल कुठं आहे?"

तिचं काही चुकलं नव्हतं. दुसऱ्या रघूजीराजे भोसल्यांनी १८०६ साली मुलांसाठी तान्हा पोळा सुरू केला, तेव्हापासून नागपुरातली पोरं लाकडी बैल सजवून दारोदार जातात आणि घरोघरी त्यांना बोजारा मिळतो. तोही मारबतीच्याच दिवशी. वाईटाची मिरवणूक आणि दारातला खाऊ असा हा जोड आमच्याकडे फार जुना. फक्त आमची पोरं धमकी देत नाहीत, बैल पुढे करतात. टोपीवाल्या चेटकिणीने जरा विचार करून सांगितलं, "आजी, बैल पोळ्याला आणला होता ना!" हे आईला पटलं. तिने प्रत्येकाच्या हातावर चकली ठेवली आणि वर एकेक नोट. दुसऱ्यांदा बोजारा मिळालेली ती भुतं वाकून नमस्कार करून पुढच्या दारी गेली.

उरलेल्या कार्डांवर पुतणीने 'शुभ दीपावली' लिहून टाकलं. मेपलचं पान उलटं धरलं तर ज्योतीसारखं दिसतं, असं तिचं म्हणणं. भुताचं काय करायचं हा प्रश्न मात्र राहिला. दिवाळी तोंडावर आली, आकाशकंदील टांगायचा तर खिळा एकच, आणि त्यावर हा अर्धवट झोपलेला गृहस्थ. भाऊ स्टुलावर चढून त्याला काढायला लागला, तसं आईने खालून थांबवलं.

"राहू दे तिथंच. मारबतीला जायची सवय आहे. हे पहिल्यांदाच आलं आहे. याला वाट कुठं माहीत आहे? कंदिलाला दुसरा खिळा ठोक."