भावोजींची दिवाळी

मराठी लेखकाची दिवाळी अक्षय तृतीयेला सुरू होते. संपादकांचा फोन येतो, ‘यंदा काय देताय?’ आणि डोंबिवलीत रस्त्यावरचं डांबर पातळ झालेलं असताना ताईच्या घरात गुलाबी थंडी पडायला लागते.

आमचे भावोजी ललितलेखक आहेत. 2000-01 साली सरकारी बँकांमध्ये स्वेच्छानिवृत्तीची लाट आली, तिच्यात ते स्वेच्छेने वाहून गेले आणि थेट दिवाळी अंकांच्या काठाला लागले. तेव्हापासून लेखाच्या डोक्यावर जो फोटो छापून येतो तो बँकेच्या ओळखपत्रावरचा आहे. त्यात केस काळे आहेत, मुख्य म्हणजे आहेत. त्यांचे विषय ठरलेले: आजीच्या हातचं उटणं, वाड्यातला आकाशकंदील, पहाटेचा गारठा, हरवलेलं काहीतरी. काय हरवलं ते दरवर्षी बदलतं.

आता अंक दिवाळीत हवा तर मजकूर जुलैअखेर हातात पडायला हवा. पुढे अक्षरजुळणी, चित्रं, जाहिराती, मुद्रितशोधन, सगळं असतं. काशिनाथ रघुनाथ मित्रांनी 1909 मध्ये ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला आणि मराठी माणसाला चिवडा खाताना वाचायला काहीतरी मिळालं, हे उपकार आहेतच. पण दिवाळीत वाचलं जाणारं सगळं कोणीतरी आंब्याच्या दिवसांत लिहीत असणार, आणि त्या कोणाची तरी बायको तेव्हा काय करत असणार, याचा विचार मित्रांनी केला होता की नाही कोण जाणे.

ताई तेव्हा भाजणी भाजत असते.

हे मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. देवगडच्या हापूसची पेटी घेऊन मी गेलो होतो. वाटलं, आमरस-पुरीचा बेत असेल. तर ओट्यावर सोऱ्या, गॅसवर तेल, पंखा बंद, आणि कढईपासून हातभर अंतरावर स्टुलावर भावोजी, मांडीवर वही. ताई चकलीचा वेढा तेलात सोडायची आणि भावोजी हात वर करून आम्हा सगळ्यांना गप्प करायचे.

‘ऐकलंस? आधी चुर्र, मग एक बारीक सुस्कारा.’

‘तो सुस्कारा माझा होता,’ ताई म्हणाली.

भावोजींनी तेही लिहून घेतलं. शेजारच्या काकू वासावर आल्या. मे महिन्यात चकली म्हणजे घरात केळवण, नाहीतर डोहाळजेवण. त्यांनी आडून आडून ‘कोणाचं?’ विचारलं. ताईने भावोजींकडे बोट केलं. काकू चार चकल्या घेऊन गेल्या आणि खालच्या मजल्यापर्यंत काय सांगायचं ते सांगून आल्या.

खरी दिवाळी येते तेव्हा हा माणूस थकलेला असतो. नरकचतुर्दशीला पहाटे ताई दिवे लावते, तेल कोमट करते, कारीट आणून ठेवते, आणि हाक मारली की आतून पांघरुणातला आवाज येतो, ‘माझी झाली.’ कशी झाली? तर जूनमध्ये, पान 84 वर. शेवटी कारीट ताईच पायाखाली चिरडते. मला वाटतं त्या वेळी तिच्या डोळ्यांसमोर फक्त नरकासुर नसतो.

बरं, थकलेला माणूस निदान गप्प पडून राहील. पण तोवर होळीच्या पुरवणीचं काम आलेलं असतं. एका भाऊबीजेला मी ताईकडे गेलो. ओवाळणं झालं, पाट मांडला, आणि पानात पुरणपोळी. सोबत कटाची आमटी. मी म्हटलं, ‘फराळाचं काही?’ ताई म्हणाली, ‘चकल्या मे महिन्यात संपल्या रे.’ भावोजी माझ्यासमोर बसून पोळीवर तुपाची धार कशी पसरते ते बघत होते. माझ्या पोळीवर. त्यांना मधुमेह आहे.

तुम्ही म्हणाल, असे लेखक असतातच. सामग्री गोळा करतात बिचारे. गोळा करणारे परवडले. ते काहीतरी घडायची वाट बघतात. भावोजींची जात वेगळी. ते आधी लिहितात, आणि मग घडणाऱ्या गोष्टीने त्यांच्या लेखाप्रमाणे वागावं अशी त्यांची अपेक्षा असते.

त्यांच्या साठीचंच बघा. हॉल घेतला होता, माणसं जमली होती, साठ दिव्यांचं ताट तयार होतं. त्या समारंभावरचा लेख भावोजींनी पंधरवडाभर आधी लिहून पाठवून दिला होता, आणि त्यात ऐन औक्षणाच्या वेळी वीज जाते. साठ दिव्यांच्या उजेडात त्यांना ताईचा चेहरा पुन्हा लग्नातल्यासारखा दिसतो, असा शेवट. महावितरणला यातलं काही कळवलेलं नसल्यामुळे वीज गेली नाही. ताटातले दिवे ट्यूबलाइटखाली केविलवाणे दिसत होते. ताई निम्मी ओवाळून झाली आणि भावोजी पाटावरून उठले, ‘आलोच’ म्हणाले. मिनिटभरात हॉलमध्ये अंधार. मागच्या रांगेतून किंकाळी आली, कारण केटररचा माणूस नेमका तेव्हा कढीचं पातेलं घेऊन आत येत होता. मुख्य स्विच सापडेपर्यंत भावोजी पाटावर परत बसले होते आणि ताईच्या चेहऱ्याकडे एकटक बघत होते. तो चेहरा लग्नातल्यासारखा होता की नाही माहीत नाही. मला तो बाबांसारखा दिसला. आम्ही नापास झाल्यावर व्हायचा तसा.

या माणसाच्या डोक्यात क्रूझ शिरलं. पर्यटन विशेषांकासाठी कोणीतरी ‘समुद्रावरची दिवाळी’ असा लेख मागितला. भावोजींनी तो वटपौर्णिमेच्या आत लिहून दिला आणि मग घरी जाहीर केलं की यंदा आपण दिवाळीला बोटीवर जायचं. ताई म्हणाली, ‘लिहून झालंय ना, मग जायचं कशाला?’ प्रश्न बिनतोड होता. पण लेख छापून यायच्या आत एकदा जाऊन आलं की मन स्वच्छ राहतं असं भावोजींचं म्हणणं. ते ‘छापून यायच्या आत’ मात्र जमलं नाही. अंक वेळेवर निघाला.

मी आणि माझी बायको सोबत गेलो. मला खरं तर बोटीची हौस नाही. आम्ही देवगडचे. आमच्या लहानपणी भाऊच्या धक्क्यावरून ‘कोकण सेवक’, ‘कोकण शक्ती’ सुटायच्या. डेकवर सतरंजी पसरायची, ट्रंक उशाशी घ्यायची आणि बोट लागू नये म्हणून आवळासुपारी तोंडात धरायची. ती धरूनही लागायचीच. बंदर आलं की बोट खोल पाण्यात उभी राहायची आणि खलाशी आम्हाला दंडाला धरून खाली हलणाऱ्या पडावात टाकायचे. तेव्हा बोटीत बसायचं ते गावी पोचायला. बोटीत बसून फिरून परत मुंबईलाच यायचं, त्याचे पैसे द्यायचे आणि त्याला सुट्टी म्हणायचं, हे बाबांना सांगितलं असतं तर त्यांनी माझी शुद्ध तपासली असती.

धनत्रयोदशीला दुपारी आम्ही बॅलार्ड पिअरला पोचलो. भावोजींच्या लेखात डेकवर अनोळखी कुटुंबांमध्ये फराळाची देवाणघेवाण होते. त्यासाठी ताईने या वेळी ऑक्टोबरात परत भाजणी केली होती आणि वर बेसनाचे लाडू. तपासणीच्या यंत्रात डबा गेला, पडद्यावर लाडवांच्या काळ्या गोळ्यांची ओळ उमटली आणि पट्टा थांबला. घरचं खाणं बोटीवर चालणार नाही, तिथल्या मुलाने नम्रपणे सांगितलं. ‘इथे चालेल?’ ताईने विचारलं. इथे चालत होतं. मग रांगेतच डबा उघडला. पुढच्या गुजराती कुटुंबाने लाडू घेतले आणि पिशवीतून मठिया काढल्या, मागच्या नागपूरकरांनी अनारशांची पुडी सोडली, तपासणीतल्या मुलानेही इकडेतिकडे बघून चकली घेतली. भावोजींच्या लेखातलं खरं झालेलं तेवढंच, पण ते डेकवर झालं नाही म्हणून ते खट्टू होते.

लेखात त्यांच्या केबिनला गोल खिडकी होती, तिच्यातून ‘चांदीची रेघ’ वगैरे दिसत होती. आम्हाला परवडल्या त्या आतल्या खोल्या. तिथे भिंतीवर खिडकीएवढा आरसा होता. भावोजी बराच वेळ त्यात बघत उभे राहिले.

थोड्या वेळाने भोंगे वाजले. मुंबईचा निरोप घेताना बोट भोंगा देते आणि ‘पोटात काहीतरी तुटतं’ हे लिहून झालेलं असल्याने भावोजी तडक वर गेले आणि कठड्याला टेकून धक्क्याच्या दिशेने रुमाल हलवू लागले. भोंगा एकदा, दोनदा, सात वेळा आखूड आणि मग एक लांबलचक. बोटीवरचा हा धोक्याचा इशारा. सुटण्याआधी त्याची तालीम घेतात आणि सगळ्यांनी आपापल्या नेमून दिलेल्या जागी जमायचं असतं. बाराशे माणसं एका दिशेने चालली होती आणि एक गृहस्थ न हललेल्या बोटीवरून रिकाम्या गोदामाला रुमाल दाखवत होता. शेवटी नारिंगी जाकीट घातलेल्या एका मुलीने त्यांना कोपराला धरून खाली आणलं.

सकाळी मुरगाव. गोव्यात नरकासुराचे भलेमोठे पुतळे रात्रभर मिरवतात आणि पहाटे जाळतात. आम्ही न्याहारी आटपून वास्कोत उतरेपर्यंत नाक्यानाक्यावर अर्धवट जळलेल्या कामट्या, राख आणि पेंगुळलेली पोरं उरली होती. ताईला मात्र एका ओळखीच्या घरी पोह्यांचे पाच प्रकार खायला मिळाले, दुधातले, ताकातले, गुळाचे, बटाट्याचे आणि फोडणीचे, आणि तिने त्या बाईंकडून ताकातल्यांची कृती तोंडपाठ करून घेतली. भावोजी म्हणाले, पोहे माझ्या लेखात नाहीत. ते बाहेर झोपाळ्यावर बसले.

त्याच संध्याकाळी तिथी लागत होती, तेव्हा लक्ष्मीपूजन परतीच्या समुद्रावर. पहिल्या मजल्यावरच्या मोठ्या चौकात लक्ष्मीची तसबीर मांडली होती, पणत्या बॅटरीच्या. बोटीवर ज्योत पेटवायला बंदी असते, आणि ते शहाणपणाचं आहे. भावोजींच्या लेखात प्रवासी डेकवरून समुद्रात दिवे सोडतात. हे निदान सात मजले उंचीवरून कसं सोडतात याचा खुलासा नव्हता. आरती झाली, गुलाबजाम झाले, डीजेने गरबा लावला. आम्ही चौघं वर मोकळ्यावर आलो. मिट्ट काळोख. लांब कुठेतरी मासेमारी बोटींचे चार दिवे, बस.

शेजारच्या खुर्चीवर नाशिकच्या एक बाई बसल्या होत्या. मांडीवर दिवाळी अंक. मोबाइलच्या उजेडात वाचत होत्या, मध्येच मान वर करून आकाश बघत होत्या, परत वाचत होत्या.

‘अहो, तुम्ही मराठी ना?’ त्यांनी भावोजींना विचारलं. ‘जरा बघा हो. हा लेख वाचून आम्ही तिकिटं काढली. यात म्हटलंय, लक्ष्मीपूजनाच्या रात्री समुद्रातून पूर्ण चंद्र वर येतो आणि डेकवरची माणसं निःशब्द होतात. मी आठ वाजल्यापासून बसलेय.’

आम्ही निःशब्द झालो.

‘आज अमावास्या आहे हो,’ बाई पुढे म्हणाल्या. ‘लक्ष्मीपूजन अमावास्येलाच असतं. हे मला आत्ता इथे बसल्यावर सुचलं. पण लिहिणाऱ्याला नको सुचायला? संपादकाला नको?’

त्यांनी अंक पुढे केला. वर बँकेच्या ओळखपत्रावरचा तो काळ्या केसांचा तरुण भावोजींकडे बघून मंद हसत होता. भावोजींनी चष्मा लावला. फोटो नीट बघितला. मग मान हलवत म्हणाले, ‘काय आहे, ही हल्लीची पोरं घरात बसून लिहितात.’

‘मलाही तेच वाटलं,’ बाई म्हणाल्या. ‘तुम्ही काय करता?’

ज्या माणसाने रिक्षावाल्याला, दंतवैद्याला, एकदा तर स्मशानात लाकडं मोजणाऱ्यालाही न विचारता ‘मी लेखक’ म्हणून सांगितलं होतं, तो माणूस काळ्या समुद्राकडे बघत म्हणाला, ‘बँकेत होतो.’

माझ्या बायकोने कठडा धरला. ताई शांत होती.

‘म्हणजे आता रिटायर्ड?’ बाईंनी विचारलं.

‘छे हो,’ ताई म्हणाली, ‘मे महिन्यात लागतात परत कामाला.’