साहेब विजेवर आले!

राज्य सरकारने 2021 मध्ये इलेक्ट्रिक वाहन धोरण आणलं. सरकारी खात्यांनी आणि महापालिकांनी नवी गाडी घेतली किंवा भाड्याने लावली, तर ती विजेवरचीच असावी, असं ठरलं. ही अट एप्रिल 2022 पासून लागू व्हायची होती. ती तीन महिने अलीकडे, 1 जानेवारीवर आणली गेली. सरकारी मुदत अलीकडे सरकलेली पाहून आम्हा दिघीकरांना अगदी भरून आलं. 1997 साली आमचं गाव पिंपरी-चिंचवड महापालिकेत आलं. तेव्हापासून मुदत ही फक्त पुढेच सरकते, अशी आमची समजूत होती.

मेख एवढीच, की अट नव्या गाडीपुरती. जुनी सरकारी गाडी पंधरा वर्षं भरेपर्यंत धूर सोडायला मोकळी. आणि नवी गाडी आधी कोणाच्या पोर्चमध्ये उभी राहते, हे शोधायला चौकशी समिती नेमावी लागत नाही. कुठल्याही पालिकेत जा. हिरव्या पाटीवर पांढरे आकडे, काचेला पडदा, आत साहेब. घर ते कार्यालय, कार्यालय ते उद्घाटन. उरलेला दिवस चालक एसी लावून मोबाईल बघतो. प्रदूषण शून्य, कारण प्रवासही जवळजवळ शून्य. वर्षाअखेरीस अहवाल निघतो : ‘ताफ्यातल्या इतक्या गाड्या हरित.’ मोजदाद गाड्यांची होते, किलोमीटरची नाही.

दिवसभर पळतात ते कचऱ्याचे कॉम्पॅक्टर, पाण्याचे टँकर, ड्रेनेजच्या जेटिंग गाड्या. त्यांच्यासोबत फोटो काढायला कुणी येत नाही, वास येतो. मोशीला 2023 पासून कचऱ्यातून वीज करणारा 14 मेगावॉटचा प्रकल्प आहे, ही अभिमानाचीच गोष्ट. पण तो कचरा मोशीपर्यंत नेणारी गाडी कशावर चालते, असं विचारलं की ‘तो ठेकेदाराचा विषय’ हे उत्तर तयार असतं.

विजेवर खरी कामाला लागली ती पुणे-पिंपरीची बससेवा, पीएमपी. फेब्रुवारी 2019 मध्ये पहिल्या 25 ई-बस रस्त्यावर आल्या. बस आणि चालक ठेकेदाराचे, कंडक्टर पीएमपीचा आणि पैसे किलोमीटरमागे. म्हणजे बस उभी राहिली तर ठेकेदाराचं पोट दुखतं! साहेबांच्या गाडीलाही हाच हिशेब लावला तर? पण एवढा क्रूरपणा आम्ही सुचवणार नाही. तक्रार एकच : दिघीच्या मॅगझीन चौकात ही बस इतकी गुपचूप येते, की थांब्यावरचे आजोबा जुन्या सवयीने घरघर ऐकायची वाट बघत बसतात आणि बस निघून जाते. मग कंडक्टरच दारातून ओरडतो, “ओ बाबा, आळंदी ना? चला!”

शेजारी आकुर्डीत विजेवरची चेतक बनते, चाकणला महिंद्राच्या विजेवरच्या मोटारी. तंत्रज्ञान परदेशातून येईपर्यंत थांबलोय, हे कारण निदान आमच्या पट्ट्यात तरी चालणार नाही.

आणि विजेचीही गरज नसलेलं वाहन दरवर्षी दिघीतून जातंच. आषाढीला माउलींचा रथ बैलजोडी ओढत नेते. महापालिका मॅगझीन चौकात स्वागताला उभी असते. ना निविदा, ना चार्जिंग स्टेशन, ना अनुदान. वेळापत्रक मात्र पाळलं जातं. स्वागत करणारे मोटारीतून येतात, हा भाग वेगळा.

तेव्हा नागरिकांनो, पुढच्या वेळी पालिकेने हरित ताफ्याचा फ्लेक्स लावला, की क्षेत्रीय कार्यालयात माहितीच्या अधिकाराचा अर्ज टाका. गाड्या किती, हे विचारू नका. प्रत्येक गाडीचं लॉगबुक मागा : इंधन कोणतं, किलोमीटर किती, कोण बसलं होतं. आणि सगळ्यात जास्त पळणारी गाडी सगळ्यात आधी विजेवर घ्या, असं लेखी कळवा. साहेबांची गाडी शेवटी आली तरी चालेल. तोवर त्यांना बसचा पास काढून द्यायला आमची हरकत नाही.