आजोबांची सोय नसलेल्यांसाठी अल्बर्ट साखळी

एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रज गृहस्थाची पत त्याच्या पोटावरून ठरे, आणि पोट कुठून कुठवर आहे हे लांबूनही कळावे म्हणून त्यावर चांदीची साखळी सोडलेली असे. एक टोक खिशातल्या घड्याळाला, दुसऱ्या टोकाची आडवी दांडी वेस्टकोटाच्या काजात. राणी व्हिक्टोरियाच्या यजमानांच्या नावावरून हिला ‘अल्बर्ट’ म्हणतात. पहिल्या महायुद्धात खंदकातल्या सैनिकाला खिसे चाचपायला फुरसत नव्हती, तेव्हा घड्याळ मनगटावर गेले आणि साखळी बेकार झाली. अलीकडे ती बायकांच्या गळ्यात रुजू झाली आहे. इच्छुकांनी पुढील विधी पाळावा.

खरेदी लंडनमध्ये करायची असल्यास शुक्रवारी भल्या पहाटे बर्मंडसीच्या बाजारात जावे. सोबत विजेरी आणि भिंग न्यावे. पूर्वी इथे कायद्याचीच एक सोय होती: सूर्योदय ते सूर्यास्त या वेळात सचोटीने घेतलेली वस्तू उद्या चोरीची निघाली, तरी ती घेणाऱ्याचीच राही. १९९५ पासून ती सोय गेली. आता पावती मागावी.

भिंग लावून प्रत्येक कडी वाचावी. हो, प्रत्येक. चांगल्या इंग्रजी अल्बर्टच्या कडीकडीवर पाऊल उचललेला सिंह ठोकलेला असतो, म्हणजे हजारात ९२५ भाग चांदी. क्लिपजवळ गावाची खूणही सापडते. नांगर असेल तर तपासणी बर्मिंगहॅमची. त्या गावाला समुद्र नाही, पण तो विषय दुकानदारापाशी काढू नये. तलवार आणि गव्हाच्या तीन पेंढ्या म्हणजे चेस्टर. तिथले तपासणी कार्यालय १९६२ मध्येच बंद पडले, त्यामुळे ही खूण दाखवताना दुकानदाराचा आवाज हळवा होतो आणि किंमत घट्ट. मधल्याच चार-सहा कड्यांवर सिंह नसेल, तर त्या दुसरीकडून आणून झाळलेल्या आहेत असे समजावे. सिंह कुठेच नाही आणि दुकानदार ‘जर्मन सिल्व्हर’ म्हणाला, तर नम्रपणे निघावे. त्यात तांबे, निकेल आणि जस्त असते. चांदी असते ती फक्त नावात.

घरी आणल्यावर घासू नये. चिंच नको, रांगोळी नको, टूथपेस्ट तर नकोच. कड्यांच्या सांध्यांतला काळेपणा हवेतल्या गंधकाने येतो, पण बाजारात त्याला शंभर वर्षांचा भाव मिळतो. तो घालवला की साखळी परवाच्या प्रदर्शनातली दिसते, आणि मग तिची गोष्ट कोणी ऐकून घेत नाही.

एकेरी अल्बर्ट गळ्याला जेमतेम पुरते, म्हणून श्वास बेताने घ्यावा. दुहेरीत दांडी मध्यभागी असते आणि दोन्ही टोकांना क्लिपा, एक घड्याळासाठी, दुसरी बहुधा काड्यांच्या चांदीच्या डबीसाठी. या दोन क्लिपा मानेमागे जोडाव्यात, दांडी पुढे लोंबू द्यावी. “दोन ब्रेसलेटं होतील हिची,” असे सुचवणाऱ्या सोनाराकडे पुन्हा जाऊ नये. १९८० मध्ये चांदी भडकली तेव्हा कितीतरी जुना माल मुशीत गेलाच आहे.

खरी परीक्षा पदकाची. साखळीला लोंबणारे हे चांदीचे ढालीसारखे पदक फुटबॉलमध्ये, पोहण्यात, कधी बागेतल्या भाज्यांच्या स्पर्धेत मिळालेले असते, आणि मागे विजेत्याची आद्याक्षरे असतात. समारंभात कोणीतरी विचारणारच, “हे कोण गं?” शांतपणे म्हणावे, “आमच्याकडचे.” हे खोटे नाही, पैसे मोजल्यापासून ते आपल्याकडेच आहेत. पुढची गोष्ट रचताना साल पाहावे. १९०८ चे पदक वडिलांच्या नावावर खपवू नये. पदक पोहण्याचे असून आपल्याला पोहता येत नसेल, तर हा गुण आमच्या घरात दोन पिढ्या सोडून उतरतो असे सांगावे. कोरे पदक मात्र टाळावे. ते कोणीच जिंकलेले नसते, आणि त्याच्याविषयी बोलायला फार कल्पकता लागते.

घरी निराळी तयारी हवी. आपल्याकडे चांदी पैंजण-जोडव्यांची, त्यामुळे सासूबाई पहिल्याच नजरेत विचारतील, “अगं, पायातलं गळ्यात काय घातलंस?”

“आई, विलायतेच्या राणीचे यजमान घालायचे अशी.”

“मग सोन्याची का नाही आणलीस?”

याला उत्तर नाही. चहा टाकायला जावे.

क्वचित साखळीबरोबर मूळ घड्याळही गळ्यात पडते. ते नवऱ्याला द्यावे. रोज किल्ली देण्यात त्याचा वेळ बरा जातो. खिशातून पडेल म्हणून त्याने साखळी मागितली, तर स्वयंपाकघराच्या खणात सुतळी असते.