चोवीस शब्दांच्या कार्डावर एक ओळ कमी आहे

हार्डवेअर वॉलेट वापरणाऱ्याची पहिली तक्रार ॲड्रेसची असते आणि ती रास्त आहे. ‘रिसीव्ह’ दाबलं की ॲड्रेस येतो. त्यावर बिटकॉइन आले की पुढच्या वेळी दुसराच येतो. आधीचा अजून चालतो का, त्यावर कुणी पाठवले तर बुडतील का, याबद्दल मी वापरतो त्या ॲपमध्ये अवाक्षर नाही. माझ्या भाच्याने पैसे पाठवायच्या आधी फोन केला. “मामा, मागच्या महिन्यातला ॲड्रेस वेगळा होता. हा तुमचाच आहे ना नक्की?” त्याचं काही चुकलं नाही. ॲड्रेस बदललेला दिसला की थांबायचं, हे आपणच सगळ्यांना शिकवलं आहे.

वास्तविक उत्तर एका ओळीचं आहे. जुने ॲड्रेस कायम चालतात आणि सगळे त्याच एका बीजातून, म्हणजे कार्डावर लिहून ठेवलेल्या चोवीस शब्दांतून, निघालेले असतात. नवा देण्यामागचं कारणही चांगलं आहे. बिटकॉइनचे व्यवहार सगळ्या जगाला उघडे दिसतात. एकच ॲड्रेस वर्षानुवर्षं वापरला तर पाठवणारा प्रत्येक जण तुमची शिल्लक पाहू शकतो. हे मला पूर्ण पटतं. ती एक ओळ ‘रिसीव्ह’च्या पडद्यावर छापायला काय हरकत आहे, ते मात्र पटत नाही.

ॲड्रेस यंत्राच्या पडद्यावर ताडून पाहा, असं सगळे सांगतात आणि बरोबर सांगतात. संगणकात शिरलेला व्हायरस कॉपी केलेला ॲड्रेस बदलून चोराचा ठेवू शकतो. तेव्हा ‘बीसी१’ने सुरू होणाऱ्या ॲड्रेसची बेचाळीस अक्षरं ताडायची, टॅपरूट या नव्या प्रकारचा असेल तर बासष्ट. ज्यांनी हा ॲड्रेसचा प्रकार आखला त्यांनी ‘बीसी१’ नंतरच्या भागातून १, बी, आय आणि ओ मुद्दाम वगळले, वाचणाऱ्याची गफलत होऊ नये म्हणून. इतका विचार केलेली ही अक्षरं माझ्या यंत्राच्या बोटभर पडद्यावर सलग, मध्ये जागा न सोडता, दोन पानांत तोडून येतात. चार-चारचे गट पाडले असते तर काम निम्म्या वेळात झालं असतं. लोक मग पहिली चार आणि शेवटची चार पाहून ‘ओके’ दाबतात. चोरांना हे ठाऊक आहे. सुरुवात आणि शेवट जुळणारे ॲड्रेस ते तयार करून ठेवतात.

खर्च करताना आणखी एक धक्का बसतो. बिटकॉइन तुकड्यांत येतात आणि तुकडा पुरा मोडावा लागतो. किराणा दुकानात पाचशेची नोट दिली की सुटे परत येतात, तसंच. फक्त इथे सुटे परत येतात ते एका नव्याच ॲड्रेसवर, जो तुमचाच असतो पण तुम्ही कधी पाहिलेला नसतो. थोडेसे पाठवल्यावर माणूस खात्री म्हणून ब्लॉक एक्सप्लोररवर आपला जुना ॲड्रेस टाकतो, तर शिल्लक शून्य. त्या वेळी पोटात जो गोळा येतो तो टाळता येण्यासारखा आहे. व्यवहाराच्या तपशिलात ‘उरलेली रक्कम तुमच्याच खात्यात परत आली’ एवढं लिहिलं तरी पुरे.

खात्यांची तऱ्हा याहून त्रासाची. मला मुलीच्या शिक्षणासाठी वेगळं खातं हवं होतं. ॲपने नकार दिला, कारण आधी उघडलेलं एक खातं अजून वापरलेलंच नव्हतं. हा नियम २०१४च्या बीआयपी-४४ या बिटकॉइन सुधारणा प्रस्तावातला आहे, मारेक पालाटिनस आणि पावोल रुस्नाक यांनी लिहिलेला. कारण असं की शब्दांवरून वॉलेट पुन्हा उभं करताना ॲप खाती क्रमाने तपासतं आणि पहिलं न वापरलेलं खातं लागलं की थांबतं. मध्ये न वापरलेलं खातं असेल तर पुढचं सापडणारच नाही. ॲड्रेसचंही तेच: सलग वीस कोरे ॲड्रेस लागले की शोध संपला. प्रत्येक बिलाला नवा ॲड्रेस देणाऱ्या दुकानदाराची सलग वीस गिऱ्हाइकं पैसे न देताच गेली आणि एकविसाव्याने दिले, तर ते ब्लॉकचेनवर असूनही ॲपमध्ये दिसणार नाहीत. नियम समंजस आहे. पण पडद्यावर ‘खातं जोडता येत नाही’ एवढंच येतं, कारण येत नाही. आणि खात्यांना आपण हौसेने दिलेली नावं? ती चोवीस शब्दांत नसतात. माझ्या ॲपमध्ये ती फक्त फोनवर राहतात. फोन बदलला की पुन्हा ‘बिटकॉइन १’, ‘बिटकॉइन २’.

आता मूळ दुखणं. आमच्या सोसायटीतल्या एका काकांचं जुनं यंत्र बंद पडलं. त्यांनी दुसऱ्या कंपनीचं घेतलं, कार्डावरचे चोवीस शब्द चष्मा पुसून पुसून भरले. यंत्राने शब्द बरोबर असल्याचं सांगितलं. शिल्लक शून्य. काकूंनी पाण्याचा तांब्या आणून समोर ठेवला, काका त्याच्याकडे बघेनात. “अरे, शब्द बरोबर म्हणतंय ना, मग पैसे गेले कुठे?”

पैसे कुठेही गेले नव्हते. पीटर वुइले यांनी २०१२मध्ये मांडलेल्या पद्धतीप्रमाणे एका बीजातून किल्ल्यांचं सबंध झाड निघतं आणि फांदीवर पोहोचायला मार्ग लागतो. तो असा लिहितात: ८४'/०'/०'/०/०. पहिला आकडा खात्याचा प्रकार. दुसरा नाणं: बिटकॉइन ०, लाइटकॉइन २, इथर ६०. तिसरा खात्याचा क्रमांक. चौथा ० असेल तर बाहेरून येणाऱ्या पैशांसाठी, १ असेल तर परत येणाऱ्या सुट्यांसाठी. पाचवा ॲड्रेसचा क्रमांक. नेहमीचे प्रकार चार आहेत: ४४, २०१६चा ४९, २०१७चा ८४ आणि २०२१चा ८६. शब्द तेच, पण चार वेगळ्या फांद्या. काकांचे बिटकॉइन ४९वर होते, ‘३’ने सुरू होणाऱ्या ॲड्रेसवर. नव्या ॲपने ८४ उघडलं, तिथे काही नाही म्हणून शून्य दाखवलं. ‘खातं जोडा’मध्ये जाऊन प्रकार बदलला आणि सगळी रक्कम दिसली.

‘शून्य’ हा शब्द इथे चुकीचा आहे, आणि तो छापणं अक्षम्य आहे. ॲपने एकच फांदी पाहिली होती. ‘या प्रकारात काही सापडलं नाही, बाकीचे तीन तपासू का?’ असं विचारायला हवं होतं. काकांच्या जागी त्यांच्या पश्चात काकू असत्या तर त्यांनी यंत्र आणि कार्ड दोन्ही टाकून दिलं असतं.

इथरच्या बाबतीत कंपन्यांचं आपसांतही जुळत नाही. दुसरं खातं उघडताना कुणी तिसरा आकडा वाढवतं, कुणी शेवटचा. पहिलं खातं दोन्हीकडे सारखंच दिसतं, त्यामुळे माणूस निर्धास्त होतो आणि दुसरं खातं गायब झाल्यावर जागा होतो.

करापुरतं एवढंच सांगतो. १ एप्रिल २०२२पासून नफ्यावर ३० टक्के कर आहे आणि विवरणपत्रात प्रत्येक विक्रीची तारीख व किंमत भरावी लागते. माझ्या ॲपच्या यादीत मात्र स्वतःच्याच एका खात्यातून दुसऱ्यात हलवलेली रक्कमही ‘पाठवली’ म्हणून येते. सीए विचारतात, कुणाला विकले? ती यादी हाताने साफ करावी लागते.

यंत्रासोबत मला मिळालेल्या कार्डावर चोवीस शब्दांसाठी चोवीस रकाने आहेत. प्रकार, मार्ग आणि खात्यांची संख्या लिहायला एकही नाही. कंपन्यांनी ती ओळ छापावी, खर्च शाईपुरता आहे. तोवर आज घरी गेल्यावर आपापलं कार्ड काढा, ॲपच्या सेटिंगमधून प्रत्येक खात्याचा मार्ग बघा आणि शब्दांच्या खाली पेनाने लिहून ठेवा. निव्वळ मार्ग कुणाच्या हाती लागला तर त्यावरून पैसे काढता येत नाहीत, तेव्हा तो लिहायला भिऊ नका.